साडेदहा फुटी हॉल, तीन रिसिव्हर: मुलुंडच्या एका घराचा हिशेब

घर मुलुंड पूर्वेला, सातव्या मजल्यावर, दोन बेडरूमचं. हॉल १७ फूट लांब, साडेदहा फूट रुंद, उंची साडेनऊ. टीव्ही लांब भिंतीवर आणि समोरच्या लांब भिंतीला पाठ टेकवून तीन जणांचा सोफा. डावीकडे बाल्कनीचा काचेचा सरकता दरवाजा. उजव्या भिंतीत टीव्हीच्या बाजूला आत जाणाऱ्या पॅसेजची तीन फुटांची मोकळी जागा, आणि उरलेल्या भिंतीला चपलांचं कपाट. मुंबईतल्या हजारो हॉलसारखाच हा हॉल, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखं आहे.

तक्रार आईची होती. टीव्हीवर सिनेमा लागला की संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा, आणि गाणं किंवा मारामारी आली की धावत जाऊन कमी करायचा. मुलाची मागणी वेगळी. त्याच्याकडे पीएस५ हा गेमिंग कन्सोल आहे आणि त्याला ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा आवाज, हवा होता. बाबांची अट एकच: खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येता कामा नयेत. दिवाळीआधी रंगाचं आणि नव्या फॉल्स सीलिंगचं काम निघणारच होतं, त्यामुळे वायर लपवण्याची संधी होती. अशी संधी दहा वर्षांतून एकदा येते.

रिसिव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून ताकद देणारं यंत्र, निवडायला तीन नावं समोर आली: सोनी एसटीआर-डीएच५९०, यामाहा आरएक्स-व्ही४ए आणि डेनॉन एव्हीआर-एक्स१८००एच. पहिले दोन ५.२ चॅनेलचे (पाच स्पीकर आणि दोन सबवूफरची सोय), तिसरा ७.२ चॅनेलचा. घरातली चर्चा साहजिकच वॉटवरून सुरू झाली. सोनीच्या कागदावर चॅनेलला १४५ वॉट, बाकी दोघांच्या कागदावर ८०. "जास्त पैसे देऊन कमी वॉट कशाला घ्यायचे?" हा बाबांचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

उत्तर आकड्याच्या शेजारच्या बारीक अक्षरांत आहे. सोनीचे १४५ वॉट ६ ओहमवर, फक्त १ किलोहर्ट्झच्या एका सुराला, एकच चॅनेल चालू असताना आणि ०.९ टक्के विकृती (मूळ आवाजात होणारा बिघाड) चालवून घेऊन मोजलेले आहेत. डेनॉनचे ८० वॉट ८ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या सगळ्या पट्ट्यात, दोन चॅनेल चालू ठेवून आणि ०.०८ टक्के विकृतीला मोजलेले. यामाहाचे ८० वॉटही ८ ओहमवर, पूर्ण पट्ट्यात, दोन चॅनेलचे. यात कोणी खोटं बोलत नाही, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत इतकंच. सोनी स्वतःच पूर्ण पट्ट्यासाठी ६ ओहमवर दोन चॅनेलचे ९०-९० वॉट देते, आणि तुलना करायची तर त्या आकड्याशी. पाचही चॅनेल एकदम जोरात चालवले तर या वर्गातला कुठलाही रिसिव्हर दोन चॅनेलच्या आकड्याखाली येतो, कारण पॉवर सप्लाय एकच असतो.

आणि १४५ विरुद्ध ८० हा फरक खरा मानला, तरी तो कानाला किती? वॉट दुप्पट केले तर ३ डेसिबल वाढतात. म्हणजे इथे २.६ डेसिबल. तेही रिसिव्हर पूर्ण ताकदीने चालला तरच.

तो तसा चालणारच नाही, आणि या घराचा खरा हिशेब इथेच आहे. निवडलेले स्पीकर ८ ओहमचे, १ वॉटला १ मीटरवर ८८ डेसिबल देणारे. बसण्याच्या जागेपासून साधारण २.७ मीटरवर. मोकळ्या मैदानाचा हिशेब धरला तर एवढ्या अंतरात ८.६ डेसिबल कमी होतात. खोलीत भिंती मदत करतात, त्यामुळे प्रत्यक्षात घट यापेक्षा कमीच. रिसिव्हरचा व्हॉल्यूम उणे आकड्यांत दिसतो, आणि शून्य म्हणजे पूर्ण थिएटरचा आवाज. सिनेमाची ठरलेली पातळी अशी की व्हॉल्यूम शून्यावर असताना एका चॅनेलची शिखरं १०५ डेसिबलपर्यंत जावीत. फ्लॅटमध्ये संध्याकाळी माणसं ऐकतात ती पातळी असते उणे ३० ते उणे २०. उणे ३० वर शिखर ७५ डेसिबलचं, त्याला लागते अर्ध्या वॉटपेक्षाही कमी ताकद. उणे २० वर शिखर ८५ चं, त्याला साधारण ३.६ वॉट. रविवारी दुपारी खिडक्या लावून उणे १० पर्यंत नेलं, तरी ३६ वॉट. खालचा खर्ज सबवूफर स्वतःच्या ॲम्प्लिफायरवर ओढतो, रिसिव्हरवर त्याचा भार येत नाही. तिन्ही रिसिव्हर या कामाला पुरून उरतात. वॉटची तुलना इथेच संपली, आणि खरं तर ती सुरूही व्हायला नको होती.

वर्षभर माणसं ज्या पातळीवर ऐकतात, त्या पातळीवर कान खर्ज नीट पकडत नाही. आवाज कमी केला की आधी खर्ज हरवतो, मग बारीकसारीक आवाज, आणि सगळं सपक वाटू लागतं. म्हणून मुंबईच्या फ्लॅटमध्ये रिसिव्हर निवडताना विचारायचं ते हे: कमी आवाजात हा काय करतो, खोलीची चूक किती दुरुस्त करतो, आणि फर्निचरमध्ये बसतो का.

तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सगळ्यात आधी तोच अडवतो. सुताराने टीव्ही युनिटची खोली १६ इंच धरली होती, त्यातून मागची प्लाय जाऊन हातात १५ इंच. डीएच५९० ची खोली बारा इंचांच्या आत, एक्स१८००एच साधारण साडेतेरा, व्ही४ए जवळपास पंधरा. त्यात मागे एचडीएमआयचा प्लग आणि वळण यांना कमीत कमी दोन इंच लागतात. वायर दाबून बसवली की पोर्टवर ताण येतो आणि सहा महिन्यांनी चित्र अधूनमधून जाऊ लागतं. म्हणजे यामाहा घ्यायचा तर मागची प्लाय कापणं भाग होतं. डेनॉनही अर्धा इंच अडत होता, म्हणून त्या कप्प्यामागची प्लाय शेवटी कापलीच. ते चांगलंच झालं, कारण त्यामुळे गरम हवेला वाट मिळाली. वर सहा इंच मोकळे ठेवले आणि कप्प्याला दार लावलं नाही. बंद कप्प्यात ठेवलेला रिसिव्हर मे महिन्यात दोन तासांत तापून प्रोटेक्शनमध्ये जाऊ शकतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, आणि लोक त्याला बिघाड समजून दुरुस्तीला नेतात.

न्यू जर्सीच्या मामांनी मधेच प्रस्ताव मांडला की तिथून स्वस्तात आणतो. नको म्हणायला दोन कारणं. अमेरिकेतलं मॉडेल १२० व्होल्टचं असतं. थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावलं तर पहिल्याच क्षणी पॉवर सप्लाय जातो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावायचा तर तो किमान ७५० व्हीएचा हवा, आणि तो हॉलमध्ये गुणगुणत राहतो. शिवाय वॉरंटी तिकडची. दुबईचं मॉडेल व्होल्टेजला जुळतं, पण वॉरंटीचा प्रश्न तोच. रिसिव्हरमध्ये सगळ्यात आधी जातो तो बहुधा एचडीएमआय बोर्ड, आणि वॉरंटीबाहेर त्याचा खर्च ऐकून माणसं नवीन मशीन घेतात. लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा उपनगरातल्या दुकानात, बिलावर सीरियल नंबर आणि भारतातली वॉरंटी लिहून घ्यावी.

आता ॲटमॉस. डीएच५९० आणि व्ही४ए दोन्हींत ते नाही, एक्स१८००एच मध्ये आहे. या हॉलमध्ये ७.१ ला अर्थ नव्हता. सोफा भिंतीला टेकलेला असताना मागचे दोन स्पीकर लावायचे कुठे? पण डेनॉनचे तेच दोन ॲम्प्लिफायर छतासाठी वापरता येतात आणि ५.१.२ होतं, म्हणजे पाच स्पीकर, एक सबवूफर आणि छतात दोन. फॉल्स सीलिंग नव्याने होणारच होतं, म्हणून हा पर्याय जवळजवळ फुकटात पडला आणि डेनॉनच ठरला. सीलिंग आधीच झालेलं असतं, तर आमचा सल्ला यामाहा घ्या आणि वाचलेले पैसे सबवूफरमध्ये घाला, असाच असता. छताला आवाज आपटवणारे वरच्या दिशेचे स्पीकर पंख्याच्या आणि बीमच्या खोलीत मनासारखं काम करत नाहीत.

पीएस५ मुळे निवड बदलायला नको होती, आणि बदललीही नाही. नव्या टीव्हीत ४के १२० हर्ट्झ घेणारा पोर्ट असेल तर पीएस५ थेट टीव्हीला लावायचा आणि आवाज ई-आर्कने, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या वायरीतून परत पाठवणाऱ्या सोयीने, रिसिव्हरला आणायचा. पीएस५ ला ॲटमॉस सप्टेंबर २०२३ च्या अपडेटने मिळालं, आणि तेही या वाटेने येतं. फक्त आधी बघायचं की टीव्हीचा ई-आर्क पोर्ट आणि १२० हर्ट्झचा पोर्ट एकच तर नाही ना. पुष्कळ टीव्हींत तसं असतं आणि मग दोन्ही वायरींची ओढाताण होते. इथे तसंच निघालं, पण टीव्हीला तसा दुसराही पोर्ट होता. ओटीटीसाठी याच सोयीची जुनी, कमी क्षमतेची आवृत्ती, साधं आर्कसुद्धा पुरतं, कारण नेटफ्लिक्सचं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये जास्तीत जास्त ७६८ केबीपीएसने येतं आणि ते आर्कमधून जातं. ई-आर्क लागतं ते ब्ल्यू-रेच्या ट्रूएचडीला आणि गेमच्या न दाबलेल्या आवाजाला. ऑप्टिकल वायरमधून ॲटमॉस येत नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

वायरिंगला दीड दिवस लागला. सराउंडचा, म्हणजे बाजूने-मागून आवाज देणाऱ्या स्पीकरचा, सगळ्यात लांबचा फेरा १२ मीटर. इलेक्ट्रिशियनकडे दीड चौरस मिलिमीटरची मऊ वायर होती. जाणं-येणं धरून २४ मीटर, म्हणजे सुमारे ०.३२ ओहम. अडीच चौरस मिलिमीटरला तेच ०.१९. आठ ओहमच्या स्पीकरला ०.४ पर्यंत चालतं, म्हणजे दीडची वायरही चालली असती. पण स्पीकर नावाला आठ ओहमचा असला तरी काही सुरांना चार-पाचवर उतरतो, आणि सीलिंग पुन्हा उघडणार नाही. अडीचची घेतली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर घेऊ नये. तिचा रोध जास्त, आणि मुंबईच्या दमट हवेत टोकं लवकर काळी पडतात. टोक चाकूने खरवडून पाहिलं की आत पांढरं दिसतं. स्पीकरची वायर २३० व्होल्टच्या पाइपातून न्यायची नाही.

समोरच्या दोघांची आणि सेंटरची (मधला, संवादांचा स्पीकर) जागा ठरलेलीच होती, विचार करावा लागला तो बाकीच्यांचा. सराउंड स्पीकर बाजूच्या भिंतींवर लावता येत नव्हते, एकीकडे काच आणि दुसरीकडे कपाट. म्हणून ते सोफ्यामागच्याच भिंतीवर, मधल्या माणसापासून दोन्हीकडे पाच-सव्वापाच फुटांवर, कानापेक्षा जरा वर, तोंड आत वळवून लावले. डोकं भिंतीपासून एक फूट पुढे असतं, त्यामुळे समोरच्या दिशेपासून मोजलेला कोन ९५ ते १०० अंशांच्या आसपास येतो, आणि डॉल्बी ९० ते ११० अंश मागते. छतातले दोन स्पीकर डोक्याच्या दोन फूट पुढे. कानापासून सीलिंग १.७ मीटर वर आहे, म्हणजे कानाच्या पातळीपासून कोन ७० अंश. वरच्या घरात आवाज जाऊ नये म्हणून त्यांच्यावर बंद खोकं ठेवून आत रॉकवूल भरलं.

सबवूफरची जागा हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता, रिसिव्हरपेक्षाही. भिंतींमधल्या अंतरामुळे एखादा सूर फुगतो, तो घुमारा. खोलीची रुंदी ३.२ मीटर, तिचा पहिला घुमारा येतो ५४ हर्ट्झच्या आसपास. उंची २.९ मीटर, तिचा ५९ ला. दोन्ही शेजारी-शेजारी, म्हणून या पट्ट्यात हॉल घुमणार हे टेप लावतानाच दिसत होतं. रुंदीच्या घुमाऱ्याचा जोर दोन्ही लांब भिंतींशी सर्वांत जास्त असतो, आणि सोफा नेमका तिथेच. सबवूफर टीव्हीच्या भिंतीशी ठेवला की तो तोच घुमारा पेटवतो. बहुतेक घरांत सबवूफर टीव्हीशेजारीच ठेवतात, आणि मग "बेस जास्त आहे" म्हणून कमी करत नेतात. मग उरतो नुसता घुमारा, खर्ज नाहीच.

रुंदीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे टीव्हीच्या भिंतीपासून सव्वापाच फुटांवर, हा घुमारा जवळजवळ पेटतच नाही. ती जागा उजव्या भिंतीला, पॅसेजनंतर सव्वादोन फुटांवर होती. तिथे चपलांचं कपाट होतं. कपाट दीड फूट सरकवलं आणि सबवूफर तिथे बसला. आईला हे पटायला वेळ लागला. दारातून आत येताना चपला कुठे काढायच्या हा खरा प्रश्न आहे. पण दोन्ही जागी एकच दृश्य ऐकवल्यावर कपाट सरकलं.

सोफा आठ इंच पुढे ओढला तर खर्ज कमी होईल का, असा एक प्रश्न आला. नाही होत. आठ इंचांत ५४ हर्ट्झचा जोर एक डेसिबलसुद्धा उतरत नाही. पण डोक्यामागच्या भिंतीवरून लगेच परतणारा आवाज जरा लांब जातो आणि संवाद स्वच्छ होतात. म्हणून सहा इंच ओढलाच.

पहिली मोजणी फसली. संध्याकाळी सात वाजता, पंखा चालू, खाली भाजीवाल्याचा भोंगा. डेनॉनमधल्या ऑडिसी मल्टईक्यू एक्सटीला, म्हणजे खोलीप्रमाणे आवाज दुरुस्त करणाऱ्या प्रणालीला, माइक वेगवेगळ्या आठ जागी ठेवून खोली ऐकवता येते, पण ती ऐकताना शांतता हवी. त्यातच माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवला होता, रेक्झिनवर आवाज आपटून आकडे बिघडले. शिवाय डाव्या सराउंडची वायर उलटी असल्याचा इशारा आला. तपासलं तर खरंच लाल-काळी अदलाबदल झाली होती. कधी कधी हा इशारा खोटाही असतो, पण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि सेंटरच्या मागे तांब्याची एक सुटी तार, केसाएवढी, शेजारच्या टर्मिनलला टेकत होती. रिसिव्हर सुरू करताच बंद पडायचा, लाल दिवा लुकलुकायचा. तार कापली, सगळीकडे वायरींच्या टोकांना बनाना प्लग (खोचायचे प्लग) लावले, प्रश्न मिटला.

दुसरी मोजणी रात्री साडेबाराला. पंखा, एसी, फ्रिज बंद, माइक ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला. पहिली जागा मधल्या माणसाची, बाकीच्या तिच्या आजूबाजूला दोन फुटांच्या आत. अंतरात सबवूफर प्रत्यक्षापेक्षा लांब दिसला. ते बरोबर आहे, त्याच्या आतल्या सर्किटचा उशीर त्यात धरलेला असतो. ते हाताने "दुरुस्त" करायचं नाही. बदलायचं ते एवढंच: समोरचे स्पीकर रिसिव्हरने लार्ज ठरवले होते ते स्मॉल केले आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर आणला, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो.

यानंतरही आई म्हणाली, "बोलणं अजून मागेच राहतंय." तिचं बरोबर होतं. रिसिव्हरमधली डायनॅमिक ईक्यू ही सेटिंग कमी आवाजात खर्ज भरून काढते, पण त्याबरोबर सराउंडही उचलते. सिनेमासाठी ते ठीक, मालिका आणि बातम्यांना नाही. तिचा जोर कमी करणारा रेफरन्स लेव्हल ऑफसेट शून्याचा १० वर नेला, सेंटर २ डेसिबलने वाढवला, आणि युनिटच्या कप्प्यात आत गेलेला सेंटर कडेपर्यंत पुढे ओढून खाली रबराची पाचर लावून तोंड जरा वर केलं. शेवटच्या गोष्टीचा फरक सगळ्यात जास्त पडला. कप्प्याच्या तोंडावरून आपटणारा आवाजच शब्द खात होता. टीव्हीच्या मेनूत आवाज पीसीएमवर होता (टीव्ही स्वतः उलगडून पाठवत होता), तोही पास-थ्रूवर, म्हणजे जसाच्या तसा पुढे जाईल असा, केला. तोवर ॲटमॉस म्हणून जे चाललं होतं ते दोन चॅनेलच होते. रिसिव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बी ॲटमॉस हे शब्द दिसतात का, हे बघणं एवढाच खात्रीचा उपाय.

बाबांच्या अटीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. सबवूफरखाली रबराची गादी ठेवली, तिने जमिनीतून जाणारा थरथराट कमी होतो, पण हवेतून स्लॅबमध्ये शिरणारा खर्ज ती अडवत नाही. पाच-सहा इंचांचा स्लॅब ४० हर्ट्झला फारसा जुमानत नाही. म्हणून रात्री दहानंतर डायनॅमिक व्हॉल्यूम (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणारी सेटिंग) चालू आणि सबवूफर ६ डेसिबल खाली, असं रिमोटच्या एका बटणावर बसवून दिलं. खालच्या काकूंकडे जाऊन एकदा ऐकून येणं हे कुठल्याही गादीपेक्षा उपयोगी ठरलं. त्यांच्या बेडरूममध्ये नेमका किती आवाज येतो ते कळलं, आणि त्यांनाही बरं वाटलं.

एक त्रास राहिला होता, सबवूफरमधून बारीक घूं असा ५० हर्ट्झचा आवाज. डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून काढली की थांबायचा. म्हणजे ग्राउंड लूप, दोन वाटांनी अर्थ झालेल्या वायरींतून फिरणारा करंट. सबवूफरच्या सिग्नलच्या वायरवर आयसोलेटर लावला. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की डिशची केबल आणि रिसिव्हरचा प्लग दोन्ही काढून ठेवायचे, गच्चीवरच्या डिशमधून आलेला झटका टीव्हीमार्गे एचडीएमआयपर्यंत पोचतो.

गणपतीत या घरी सोफा बाल्कनीकडे जातो, मखर टीव्हीच्या समोर. तेवढ्यासाठी पुन्हा मोजणी करायची गरज नाही. सोफ्याच्या चारही पायांच्या आणि सबवूफरच्या कोपऱ्यांच्या खुणा टाइल्सवर पांढऱ्या पेन्सिलीने करून ठेवल्या आहेत, विसर्जनानंतर सगळं त्या खुणांवर परत येतं.